पीआर कार्ड संपलं म्हणजे पीआर गेली का?

कार्डावरची तारीख उलटली की माणसं घाबरतात, आणि तारीख दोन-तीन वर्षं लांब असली की निर्धास्त राहतात. कॅनडाच्या पीआरच्या (पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क) बाबतीत ही भीतीही चुकीची आणि हा निर्धास्तपणाही चुकीचा. ठाण्यात ओळखीच्या कितीतरी घरांत मी ही गफलत पाहते, म्हणून हा विषय जरा सविस्तर आणि साध्या भाषेत मांडावासा वाटला.

परत येणारी माणसं काही मौजेखातर येत नाहीत. वडिलांची बायपास ठरते, आईचं खुब्याचं हाड मोडतं, नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते आणि भावंडांच्या सह्या लागतात. महिन्याभरासाठी आलेला मुलगा वर्षभर अडकतो. अशा वेळी कायदा वाचायला कोणाला सवड असते? मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे “सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय लावून ये, बाकी काही होत नाही.” या सल्ल्यापायी लोकांनी लाखांची तिकिटं काढली आहेत आणि तरीही पीआर गमावली आहे.

कार्ड वेगळं, दर्जा वेगळा

पीआर हा कायद्याने दिलेला दर्जा आहे आणि कार्ड हा त्याचा पुरावा. कंपनीच्या ओळखपत्राची मुदत संपली म्हणून नोकरी जात नाही, फक्त गेटवरचा वॉचमन अडवतो. इथेही तसंच. कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं. ते संपलं तरी तुम्ही पीआरच राहता, पण विमान कंपनी तुम्हाला कॅनडाच्या विमानात बसू देत नाही. उलट कार्डावर चांगली तीन वर्षं शिल्लक असली आणि तिथे राहण्याचे दिवस (पाच वर्षांत ७३०, त्याबद्दल पुढे) भरत नसले, तर टोरंटोला उतरल्यावर अधिकारी तुमच्याविरुद्ध अहवाल लिहू शकतो. त्या वेळी कार्डावरची तारीख मदतीला येत नाही.

दर्जा असा एका मध्यरात्री आपोआप संपत नाही. तो ठरावीक मार्गांनीच जातो. दिवस भरले नाहीत असा अधिकृत निर्णय झाला आणि तुम्ही अपील केलं नाहीत किंवा त्यात हरलात, तर जातो. देश सोडण्याचा आदेश लागू झाला तर जातो. तुम्ही स्वतः लेखी सोडून दिलात तर जातो. आणि नागरिकत्व मिळालं की अर्थातच पीआरची गरज संपते. यातलं काहीच घडलं नसेल, तर फार पूर्वी लँडिंग करून, म्हणजे पीआर म्हणून तिथे पहिल्यांदा उतरून, कायमचे कोपरीला परत आलेले काकासुद्धा कागदोपत्री आजही पीआर असतात. त्यांना त्याचा फायदा होत नाही, उलट एक वेगळीच अडचण होते. तिच्याकडे शेवटी येऊ.

७३० दिवस, पण कुठल्या पाच वर्षांतले?

हा नियम इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्ट या कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. हा कायदा २८ जून २००२ पासून लागू झाला. नियम असा की पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असायला हवं. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. दिवसाचा काही भाग तिथे घालवला तरी तो पूर्ण दिवस धरतात, म्हणजे निघालात तोही दिवस तुमचा आणि उतरलात तोही.

“सहा महिने” कुठून आले, त्याचं मूळ बहुधा जुन्या कायद्यात आहे. १९७६ च्या कायद्यानुसार बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त बाहेर राहणाऱ्याने कॅनडा सोडला असं गृहीत धरलं जाई, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. तो नियम २००२ मध्ये गेला. नव्वदच्या दशकात गेलेल्या मामा-काकांच्या डोक्यात मात्र तो पक्का बसला आहे, आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्या नातेवाइकांच्या गोष्टी त्यात मिसळल्या आहेत. आजच्या कायद्यात सहा महिन्यांनी जाऊन चार दिवस राहून आलात तर तुमच्या खात्यात चार दिवस जमा होतात. त्यापलीकडे काही नाही.

आता मुख्य गोष्ट. पाच वर्षं कुठून मोजायची? कार्ड मिळाल्यापासून नाही आणि कार्ड संपण्याच्या तारखेपासून मागेही नाही. पीआर होऊन पाच वर्षं झाली नसतील, तर अधिकारी एवढंच पाहतो की पहिली पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तुमचे ७३० दिवस भरणं अजून शक्य आहे का. पाच वर्षं उलटून गेली असतील, तर ज्या दिवशी तपासणी होते त्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतात. तपासणी म्हणजे विमानतळावर किंवा सीमेवर प्रवेश करताना, कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज करताना, किंवा भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंट (कार्ड नसताना कॅनडाला परत जाण्यासाठीचा कागद) मागताना. पाच वर्षांची ही पट्टी दिवसागणिक पुढे सरकते. आज एक दिवस जोडला जातो आणि पाच वर्षांपूर्वीचा एक दिवस गळून पडतो.

हे आकड्यांत पाहिलं की पटतं. समजा ऐरोलीचा एक अभियंता १ जून २०२२ रोजी पीआर झाला. ३१ जानेवारी २०२३ ला तो वडिलांच्या आजारपणासाठी परत आला. तोवर त्याचे २४५ दिवस झाले. त्याची पहिली पाच वर्षं ३१ मे २०२७ ला पूर्ण होतात. मध्ये २०२४ हे लीप वर्ष असल्याने एकूण दिवस १८२६. त्यातून ७३० वजा केले की बाहेर राहायला १०९६ उरतात. १ फेब्रुवारी २०२३ पासून १०९६ दिवस मोजले की ते ३१ जानेवारी २०२६ ला संपतात. म्हणजे १ फेब्रुवारी २०२६ ला तो कॅनडाच्या भूमीवर असायलाच हवा, आणि तिथून पुढे ३१ मे २०२७ पर्यंत एकही दिवस बाहेर पडायचं नाही.

इथवरचा हिशोब बरेच जण करतात. पुढचा मात्र सहसा कोणी करत नाही. ३१ मे २०२७ ला त्याचे बरोबर ७३० दिवस भरले, कार्डासाठी अर्ज गेला, आता गणपतीला ठाण्याला जायला हरकत नाही असं त्याला वाटणार. हरकत आहे. जून २०२७ पासून पट्टी पुढे सरकू लागते आणि २०२२ चे ते जुने २४५ दिवस रोज एकेक करून गळू लागतात. तो कॅनडात असेल तर एक गळतो, एक जोडला जातो, आणि आकडा ७३० वरच राहतो. तो ठाण्यात असेल तर एक गळतो आणि काहीच जोडलं जात नाही. दहा दिवसांसाठी आला तर परतताना विमानतळावर ७२० च्या आसपास. जुने दिवस गळून संपतात ते ३१ जानेवारी २०२८ ला. त्यानंतर गळणारे दिवस ठाण्यातलेच असतात, त्यामुळे मग त्याला श्वास घेता येतो. म्हणजे शेवटच्या तारखेला पोचणारा माणूस सव्वा वर्षासाठी अडकत नाही, पुरता दोन वर्षांसाठी अडकतो. आई-वडील इकडे आजारी असताना ही दोन वर्षं काय असतात, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की शेवटच्या तारखेच्या दोन-तीन महिने आधी पोचा. तेवढीच गाठ सैल राहते.

ठाण्यात राहूनही कुठले दिवस धरतात

काही दिवस परदेशात काढूनही कॅनडातले म्हणून मोजले जातात, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पहिली सोय नागरिक जोडीदाराची. तुमचा नवरा किंवा बायको कॅनडाचा नागरिक असेल आणि तुम्ही बाहेर त्याच्यासोबत राहत असाल, तर ते दिवस मोजतात. बावीस वर्षांखालच्या, जोडीदार नसलेल्या मुलाचे दिवस नागरिक आई किंवा वडिलांसोबत राहिल्यास मोजतात. नियमाच्या भाषेत “सोबत” म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणं. नवरा कॅल्गरीत आणि बायको पाचपाखाडीत, तो वर्षातून एकदा महिनाभर येऊन जातो, तर त्या एका महिन्यापुरतंच बोलता येईल. शिवाय कोण कोणासोबत आलं हा मुद्दा काही प्रकरणांत उपस्थित झालेला आहे. बायको आधीपासूनच ठाण्यात राहत होती आणि नागरिक नवरा नंतर इकडे आला, तर अधिकारी त्यावर प्रश्न विचारू शकतो. भाडेकरार, सोसायटीचा दाखला, एकाच पत्त्याची बँक स्टेटमेंट्स, मुलांच्या शाळेचे कागद, हे सगळं म्हणूनच जपून ठेवायचं.

ही सोय उलट्या दिशेने चालत नाही. मुलगा नागरिक आहे, तो ठाण्यात येऊन आई-वडिलांजवळ वर्षभर राहिला, तर पीआर असलेल्या आई-वडिलांचे त्या वर्षाचे दिवस धरले जात नाहीत. मुलाला पालकांच्या सोबतीचा फायदा आहे, पालकांना मुलाच्या सोबतीचा नाही. कितीतरी काका-काकूंना हे कार्ड नूतनीकरणाच्या वेळीच पहिल्यांदा कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी सोय नोकरीची. कॅनडातल्या कंपनीने, किंवा तिथल्या केंद्र अथवा प्रांत सरकारने, तुम्हाला पूर्णवेळ कामासाठी बाहेर पाठवलं असेल तर ते दिवस मोजतात. अशा नोकरदार पीआरसोबत राहणाऱ्या जोडीदाराचे आणि मुलांचेही मोजतात. यातला “पाठवलं” हा शब्द कळीचा. कॅनडातल्या कंपनीचं ऐरोलीत ऑफिस आहे आणि तुम्हाला तिथेच नोकरी लागली, तर त्याला पाठवणं म्हणत नाहीत. कॅनडातली नोकरी आहे, पण साहेबांची परवानगी घेऊन लॅपटॉप उचलून खारघरच्या घरी बसून काम चाललंय, तर त्यानेही दिवस भरतील अशी आशा धरू नका. नेमणूक तात्पुरती असावी, कामावरचं नियंत्रण तिकडे असावं आणि ती संपल्यावर कॅनडातल्या कामावर परतायचं असावं, अशी अपेक्षा असते. निव्वळ पीआर टिकवायला एखाद्या मित्राची कंपनी कागदावर उभी केली तर ती चालत नाही, हे नियमांतच लिहिलेलं आहे.

पुरावा आजपासून जमवा

कॅनडात उतरताना पासपोर्टवर दर वेळी शिक्का बसतोच असं नाही. मुंबई विमानतळावरचा शिक्का मात्र सहसा बसतो, जाताना एक आणि येताना एक. कधी अर्धवट, कधी दुसऱ्या शिक्क्यावर चढलेला, कधी तारीख वाचता न येणारा. तुम्ही कॅनडाबाहेर किती होतात हे पुढे सिद्ध करायला हेच शिक्के कामी येतात. म्हणून वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट घेतलात की कोपरा कापून परत दिलेला जुना पासपोर्ट कपाटात नीट ठेवा. जुना निरुपयोगी म्हणून फाडून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मग तिकिटांचे जुने ईमेल शोधता शोधता त्यांचे हाल झाले.

एक साधी वही किंवा एक्सेलची फाइल पुरे. निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कुठून कुठे, कशासाठी. कार्डाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक बाहेरगावच्या मुक्कामाचा तपशील विचारतात, त्यात अमेरिकेची नायगाराच्या पलीकडची एका दिवसाची चक्करसुद्धा येते. २०२० पासून विमानाने कॅनडा सोडणाऱ्यांची माहिती विमान कंपन्यांकडून कॅनडाच्या सीमा यंत्रणेकडे जाते, त्यामुळे तुमची वही आणि त्यांची नोंद जुळायला हवी. दिवस वाढवून सांगण्याच्या भानगडीत पडूच नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दर्जा जातोच, वर पाच वर्षांची प्रवेशबंदी येते. दिवस कमी भरले तर निदान कारण सांगायला जागा राहते, खोटं पकडलं गेल्यावर ती जागा उरत नाही.

दिवस कमी पडले आहेत. आता?

हात-पाय गाळू नका. कायद्यात मानवी कारणांसाठी जागा ठेवलेली आहे. अधिकाऱ्याने व्यक्तीची परिस्थिती आणि निर्णयाची थेट झळ बसणाऱ्या मुलाचं हित लक्षात घ्यावं असं त्याच कलमात म्हटलं आहे. प्रश्न असा की कारण मांडायचं कसं.

“आईची तब्येत बरी नव्हती” एवढं वाक्य पुरत नाही. अधिकारी आणि पुढे अपील ऐकणारे लोक साधारण याच गोष्टी पाहतात: किती दिवस कमी पडले, का गेलात, का थांबावं लागलं, परतणं शक्य झाल्यावर पहिल्या संधीला परतलात की रेंगाळलात, कॅनडात तुमचं काय आहे, पीआर गेल्यास कोणाचं काय नुकसान होईल. म्हणजे हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डाबरोबरच हेही दाखवावं लागतं की दुसरा भाऊ दुबईत होता, पूर्णवेळ बाई ठेवून पाहिली आणि ती टिकली नाही, डॉक्टरांनी लेखी सांगितलं होतं की पेशंटला एकटं ठेवू नका. आई २०२४ च्या मार्चमध्ये गेली आणि तुम्ही २०२५ च्या दिवाळीनंतर निघालात, तर मधल्या दीड वर्षाचं काय, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुमच्या अर्जातच हवं. दु:खात माणूस कागद गोळा करत नाही हे मला समजतं, तरी घरातल्या दुसऱ्या कोणावर तेवढी जबाबदारी टाका. केसपेपर, औषधांची बिलं, ॲम्ब्युलन्सची पावती, सगळं तारखेनुसार एका फाइलीत.

कार्ड संपलेलं असेल आणि तुम्ही ठाण्यात असाल, तर नवं कार्ड इथे मिळत नाही. कार्डाचा अर्ज कॅनडात राहून करायचा असतो आणि कार्ड तिथल्या पत्त्यावरच येतं. मित्राचा पत्ता देऊन, आपण तिथेच आहोत असं भासवून अर्ज करणं आणि मग कार्ड कुरियरने मागवणं म्हणजे खोटी माहिती देणं. सरळ मार्ग पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा. ते बहुतेकदा एका प्रवेशापुरतं असतं. अर्ज केला की दिवसांची तपासणी होतेच, म्हणून मानवी कारणं असतील तर ती पहिल्याच अर्जात जोडा, नंतर देऊ म्हणून मागे ठेवू नका.

अर्ज फेटाळला गेला तर लेखी कारणं मिळाल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं. आणि एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. तपासणीच्या आधीच्या ३६५ दिवसांत तुम्ही एकदा तरी कॅनडात होतात, तर अपील चालू असताना तिकडे परत जाण्यासाठी ट्रॅव्हल डॉक्युमेंट मिळू शकतं. लांबच्या मुक्कामात मधे एकदा जाऊन येण्याचा खरा उपयोग हा आहे. ७३० भरायला त्याने फारसा हातभार लागत नाही.

कार्ड चालू आहे, दिवस कमी आहेत आणि तुम्ही विमानाने जाऊन उतरलात, तर? पीआर असलेल्या माणसाला प्रवेशाचा हक्क आहे, तो अधिकारी नाकारू शकत नाही. तो अहवाल लिहू शकतो, त्यावरून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो, आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही तिथेच राहू शकता, पण अहवालानंतरचे दिवस ७३० मध्ये धरले जात नाहीत, अपील जिंकलं तरच धरतात. अहवाल न लिहिता आत सोडलं, तर तिथे शांतपणे राहून दिवस पूर्ण होऊ द्यायचे. तोवर कार्डाचा अर्ज करायचा नाही आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगायचं, ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

अमेरिकेची गोष्ट अगदी निराळी, तरी तीच विचारणा रोज होते म्हणून थोडक्यात सांगते. कॅनडा दिवस मोजतो, अमेरिका तुमचा इरादा पाहते. ग्रीन कार्डवर १८० दिवसांहून अधिक सलग बाहेर राहिलात तर परतताना चौकशी वाढते, आणि वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते साधारण दोन वर्षांचं मिळतं. दर सहा महिन्यांनी आठवडाभर जाऊन येणारा, तिथे घर नाही, टॅक्स रिटर्न नाही, असा माणूस नियम पाळतोय असं तिथे मानत नाहीत. विमानतळावर ग्रीन कार्ड सोडल्याच्या फॉर्मवर सही मागितली, तर सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाण्याचा हक्क असतो. घाबरून सही करू नका. ऑस्ट्रेलियात पाच वर्षांत दोन वर्षं राहिलं की परतीचा व्हिसा पाच वर्षांचा मिळतो. ब्रिटनच्या आयएलआरमध्ये (तिथल्या कायम राहण्याच्या परवान्यात) सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तर दर्जा जातो.

आणखी एक घोळ टाळा. पीआर टिकवण्याचे ७३० दिवस वेगळे, नागरिकत्वाचे १०९५ वेगळे, आणि भारतात आयकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च मोजायचे १८२ दिवस त्याहून वेगळे. नागरिक जोडीदारासोबत ठाण्यात काढलेले दिवस पीआर टिकवायला धरतात, नागरिकत्वाला धरत नाहीत. एकाच वहीत तिन्ही रकाने करा.

आई-वडिलांची पीआर ठेवावी का?

मुलांनी हौसेने स्पॉन्सर केलेलं असतं. आई-वडील पहिला हिवाळा काढतात, दुसऱ्या वर्षी गुडघे दुखायला लागतात, सकाळी उपवनला फिरायला जाणं आठवतं, तलावपाळीवरचे मित्र आठवतात. मग सहा महिने इकडे, चार महिने तिकडे असं सुरू होतं. वर्षाला सरासरी १४६ दिवस तिकडे राहिले तर पीआर टिकते, म्हणजे जवळपास पाच महिने. ऑन्टॅरियोचं सरकारी आरोग्य कार्ड टिकवायला मात्र कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. पीआर शाबूत आणि आरोग्य कार्ड गेलं, असंही होतं, आणि सत्तरीच्या माणसाला त्यातलं दुसरंच जास्त महागात पडतं.

मला वाटतं, ज्यांचं मन ठाण्यातच आहे त्यांनी मुलांच्या आग्रहासाठी हे ओढून धरू नये. नागरिक किंवा पीआर असलेल्या मुलांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना सुपर व्हिसा मिळतो. दहा वर्षांपर्यंतचा, अनेक वेळा प्रवेशाचा, आणि २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा असलेला. त्यासाठी मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. विमा स्वस्त नाही, हा त्यातला खरा खर्च. पण दिवस मोजण्याचा ताप जातो.

सुरुवातीला म्हटलेली काकांची अडचण इथे येते. पीआर असलेल्याला व्हिजिटर व्हिसा किंवा सुपर व्हिसा मिळत नाही, कारण सरकारच्या लेखी तो पाहुणा नसून रहिवासी असतो. वर्षानुवर्षं कॅनडाकडे न फिरकलेल्या आणि पीआर आपोआप गेली असं समजणाऱ्या आई-वडिलांचा व्हिसाचा अर्ज इथेच अडकतो, आणि नातवाच्या मुंजीची किंवा नातीच्या लग्नाची तारीख हातची जाते. त्यांना आधी पीआर स्वेच्छेने सोडल्याचा अर्ज करावा लागतो. तो व्हिसाच्या अर्जासोबतही देता येतो. तो मंजूर झाल्यावर मागे फिरता येत नाही, परत पीआर हवी असेल तर पहिल्यापासून सुरुवात, आणि सोडून दिल्यामुळे व्हिसा मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. म्हणून सोडण्याआधी मानवी कारणांवर ती टिकवता येते का, हे कॅनडात परवाना असलेल्या वकिलाला किंवा सल्लागाराला एकदा विचारा. ठाणे स्टेशनजवळच्या “शंभर टक्के व्हिसा” असं लिहिलेल्या पाटीखाली नको.

आई आणि वडील दोघांची पीआर वेगवेगळी असते, हेही ध्यानात ठेवा. बहिणीकडे जास्त राहिलेल्या आईचे दिवस भरलेले असू शकतात आणि वडिलांचे नसू शकतात. दोघेही पीआर असतील तर, वर सांगितलेली नोकरीची सोय सोडली तर, एकाच्या दिवसांचा दुसऱ्याला काही उपयोग होत नाही. एकाने सोडली म्हणून दुसऱ्याने सोडायला हवी असंही नाही. दोघांच्या तारखा दोन वेगळ्या कागदांवर लिहा, आणि कोणता फॉर्म कोणी भरायचा हे त्या दोन कागदांवरून ठरवा.